काखेत कळसा, उपग्रहाला वळसा

माझ्या मामाचे दोन ट्रक होते. कोल्हापुरात गूळ भरायचा, वाशीच्या मार्केटात उतरवायचा आणि येताना मिळेल ते भाडं घ्यायचं. काही वर्षांपूर्वी कुणीतरी त्याच्या गळ्यात एक काळा डबा मारला. डबा बसवला की ट्रक कुठे आहे ते घरबसल्या मोबाइलवर दिसणार. मामा आठवडाभर हरखून होता. जेवतानाही एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात मोबाइल. आठव्या दिवशी ट्रक कराडजवळ दिसेनासा झाला आणि साडेचार तासांनी कराडजवळच पुन्हा उगवला.

"नेटवर्क नव्हतं मालक. त्यात घाटात जाम," ड्रायव्हर म्हणाला.

"कराडात कुठला घाट आला रे?" मामाने विचारलं.

ड्रायव्हरची सासरवाडी कराडची आणि डब्याची लाल वायर नुसत्या बोटाने निघत होती. बाकी चौकशीची गरज उरली नाही.

हे सगळं आठवलं ते कॅलॅम्पमुळे. ही कंपनी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन गावची. जन्म १९८१ सालचा, मूळ नाव कॅलिफोर्निया ॲम्प्लिफायर. आधी उपग्रहावरून टीव्ही दाखवणाऱ्या छत्र्यांचे भाग बनवायची, मग गाड्यांचे डबे बनवू लागली. ट्रक, ट्रेलर, कॅटरपिलरची पिवळी यंत्रं, भाड्याच्या मोटारी, जे हलतं त्याला डबा. २०१६ मध्ये तिने लोजॅक ही चोरीला गेलेल्या गाड्या शोधून देणारी नावाजलेली कंपनी १३ कोटी ४० लाख डॉलर मोजून घेतली. २०१९ मध्ये शाळेच्या बसचा माग ठेवणारी आणखी एक घेतली. तिच्याबरोबर एक ॲप आलं, त्याचं नाव 'हिअर कम्स द बस'. आली बरं का बस! आपल्याकडे एसटी स्टँडवर हे काम भजीवाल्याचा पोरगा फुकट करतो.

या धंद्यातला लाडका शब्द म्हणजे 'व्हिजिबिलिटी'. तुमचा माल कुठे आहे, ट्रेलर किती तास रिकामा उभा आहे, ड्रायव्हरने ब्रेक किती जोरात दाबला, सगळं दिसेल. पुरवठा साखळीतली एकेक कडी तुमच्या पडद्यावर. असं सांगून डबे विकले गेले आणि चांगले विकले गेले. मग खरीखुरी साखळी तुटली. तेव्हा गिऱ्हाइकांनी विचारलं, नवे डबे कुठे आहेत? उत्तर आलं, पुरवठा साखळीत अडकलेत. नक्की कुठे? ते दिसत नाही.

चेष्टा राहू द्या, संकट खोटं नव्हतं. महामारीत मोटार कारखान्यांनी चिपच्या ऑर्डरी काढून घेतल्या आणि चिपवाल्यांनी ती जागा लॅपटॉपवाल्यांना दिली. मोटारवाले परत आले तेव्हा रांग पार वेशीबाहेर गेली होती. मार्च २०२१ मध्ये ४०० मीटर लांबीचं 'एव्हर गिव्हन' सुएझ कालव्यात आडवं झालं आणि सहा दिवस तसंच राहिलं. त्या सहा दिवसांत ते जहाज कुठे आहे हे साऱ्या जगाला मीटरपर्यंत ठाऊक होतं. शाळकरी पोरं नकाशावर बघत होती. व्हिजिबिलिटी म्हणाल तर शंभर टक्के, आणि हललं शून्य मीटर. त्याच वर्षाच्या शेवटाकडे लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या जोडबंदरांची वाट बघत शंभरावर कंटेनर जहाजं ताटकळत होती. अर्व्हाइनहून लाँग बीच चाळीसएक किलोमीटर. पुरवठा साखळीची स्थिती बघायला कॅलॅम्पला उपग्रहाची गरजच नव्हती, रविवारी डबा बांधून समुद्रावर गेलं तरी पुरलं असतं. जेवणाचा डबा म्हणतोय मी.

त्यातच आणखी एक गंमत झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये एटी अँड टीने अमेरिकेतलं आपलं थ्रीजी जाळं बंद केलं. जुने डबे थ्रीजीवर बोलायचे, ते मुके होणार होते आणि प्रत्येकाच्या जागी फोरजीचा नवा डबा बसवणं भाग होतं. डबे बनवणाऱ्याला यापेक्षा मोठी दिवाळी कुठली? अख्ख्या देशाचा जुना माल सरणावर आणि तारीख आधीपासून जाहीर. फक्त नव्या डब्यात घालायला चिप नव्हती. गिऱ्हाईक दारात, पैसे हातात, तवा तापलेला आणि पीठ कुठल्या तरी बोटीवर.

अशा वेळी शेअर बाजारात नोंदवलेल्या कंपनीला दर तीन महिन्यांनी हिशेब सांगावा लागतो. हा कार्यक्रम ज्यांनी कधी ऐकला नसेल त्यांनी जरूर ऐकावा. फोनवर होतो, फुकट असतो, आणि कंपनी कुठलीही असो, साचा एकच. आधी वाट बघायला लावणारं संगीत. मग एक बाई अतिशय गोड आवाजात सांगतात की सर्वांचे माइक बंद आहेत. त्यानंतर एक साहेब 'पुढे आम्ही जे बोलू ते खरं ठरेलच असं नाही' अशा अर्थाचं एक लांबलचक स्तोत्र म्हणतात. अमेरिकेत १९९५ च्या कायद्याने या स्तोत्राला कवच मिळालंय. आपल्याकडे म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत शेवटी एक माणूस श्वास न घेता काहीतरी बोलतो ना, त्याचाच हा अमेरिकन चुलतभाऊ. फरक एवढाच की इथे स्तोत्र आधी आणि पूजा नंतर.

मग मुख्य साहेब येतात. मागणी जोरात आहे. गिऱ्हाइकांचा विश्वास अढळ आहे. बॅकलॉग, म्हणजे घेतलेल्या पण न पुरवलेल्या ऑर्डरींचा ढीग, वाढतो आहे. हा ढीग अभिमानाने सांगायचा असतो. आमच्या गल्लीतल्या शिंप्याकडे असाच बॅकलॉग असतो. गणपतीला शिवायला टाकलेला सदरा होळीला मिळतो, पण त्याने त्याबद्दल अजून पत्रक काढलेलं नाही. मग 'समोरून वारा' येतो. त्यांच्या भाषेत हेडविंड. धंदा चांगला झाला तर व्यवस्थापनाची दूरदृष्टी, वाईट झाला तर वारा. पाठीमागूनही वारा असतो, पण नफा झालेल्या तिमाहीत त्याचं श्रेय वाऱ्याला दिलेलं मी ऐकलेलं नाही. शेवटी विश्लेषक मंडळी प्रश्न विचारतात. त्यातले निम्मे आधी 'छान तिमाही झाली हं' असं म्हणून घेतात. तेराव्याला जेवायला बसल्यावर 'जिलबी छान झालीय' म्हणतात ना, तसं.

आता आकड्यांकडे. ते पत्रकाच्या शेवटी, तक्त्यात असतात. पहिल्या पानावर असतो तो ॲडजस्टेड एबिट्डा. व्याज, कर, घसारा हे सगळं वजा करण्याआधीचा नफा म्हणजे एबिट्डा. केबल टीव्हीच्या धंद्यातले जॉन मलोन यांच्यामुळे हा शब्द रुजला असं मानतात. आपल्याला महत्त्वाचा त्याच्या आधीचा शब्द. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा येतो आणि म्हणतो, "जरा ॲडजस्ट करा." तिघे सरकतात आणि तो अर्ध्या मांडीवर का होईना, पण बसतो. तोट्याच्या बाकावर नफा बसवायचा तर असंच सरकावं लागतं. कर्मचाऱ्यांना दिलेले शेअर जरा सरका. पुनर्रचनेचा खर्च, तुम्ही सरका. कोर्टकचेऱ्या, उभ्या राहा ना थोडा वेळ, दादरला उतरायचंय. वीवर्कने तर २०१८ मध्ये 'कम्युनिटी ॲडजस्टेड एबिट्डा' काढला होता, म्हणजे अख्खा डबाच रिकामा करून एकट्याने झोपायचं. नियमाप्रमाणे खरा तोटा आणि सरकवलेला नफा यांचा मेळ घालणारा तक्ता द्यावाच लागतो आणि सगळे तो देतातही. चोरी कसली नाही त्यात, फक्त पाहुण्यांना बैठकीची खोली आधी दाखवतात आणि मोरी सगळ्यात शेवटी.

मामाची वही लाल बासनात असायची. तिच्यात तीनच रकाने होते. येणे, देणे आणि बुडीत. समोरचा वारा कुठल्या रकान्यात धरायचा असं विचारलं असतं, तर त्याने खिडकी लावून घ्यायला सांगितलं असतं.

ट्रक कुठे आहे ते कॅलॅम्पचा डबा दर ३० सेकंदांना सांगू शकतो. खुद्द कॅलॅम्प कुठे आहे ते मात्र तिमाही संपल्यावर ४० दिवसांत सांगितलं तरी चालायचं. मार्च २०२० मध्ये तर अमेरिकेच्या बाजार नियामकाने महामारीमुळे अडचणीत आलेल्या कंपन्यांना आणखी ४५ दिवसांची सवलत दिली. असा ड्रायव्हर मामाने दोन दिवस ठेवला नसता.

मला खरी गंमत वाटते ती कारणाच्या वजनाची. खोटं कारण हलकं असतं, फुंकरीने उडतं. खरं कारण भक्कम असतं, आणि म्हणूनच त्याच्यावर माल चढवता येतो. पुरवठा साखळी हा तसा नऊ टनांचा गुणी ट्रक. चिप नाहीत, हे त्याचे कायदेशीर नऊ टन. त्यावर आणखी किती चढवायचं? डबा रोख विकण्याऐवजी वर्षावर्षाच्या वर्गणीवर द्यायचं कंपनीनेच ठरवलं होतं. म्हणजे वस्तू आज जाणार आणि उत्पन्न हप्त्याहप्त्याने खात्यात उतरणार. धोरण म्हणून शहाणपणाचं असेल, पण आजचा आकडा रोडावणारच. ते चढवा ट्रकवर. २०१८ मध्ये काढलेले २३ कोटी डॉलरचे रोखे २०२५ मध्ये फेडायचे होते आणि वर्षाची विक्री ३० कोटींच्या आसपास घुटमळत होती. चढवा. फेब्रुवारी २०२० ला संपलेल्या वर्षातही तोटाच होता. तेव्हा लाँग बीचच्या समोर जहाजांची रांग लागायला दीडएक वर्ष अवकाश होता. तोही चढला की नाही ते ज्याचं त्याने बघावं, वजनकाटा मी नाही चालवत.

जाम सगळ्यांनाच लागला होता. मामा ड्रायव्हरला हेच म्हणायचा, "जाम होता ना? मग तुझ्या मागून सुटलेला आपलाच दुसरा ट्रक पहाटे वाशीत कसा?"

पुढे चिप मिळू लागल्या. आता तरी गाडी रुळावर यावी? तर या धंद्यात सगळीकडे नवीनच सुरू झालं. टंचाईत पोळलेल्या गिऱ्हाइकांनी गरजेपेक्षा जास्त माल मागवून गोदामं भरून ठेवली होती. २०२३ मध्ये ते म्हणाले, आहे तो संपू दे, मग बघू. म्हणजे आधी माल नव्हता म्हणून विक्री नाही, आता माल आहे म्हणून विक्री नाही. पावसाळ्यात छत्री विकायला माल पोचत नव्हता आणि पोचला तेव्हा घराघरात तीन-तीन छत्र्या. दोन्ही वेळा साखळीच जबाबदार. बिचारीला दोन्ही पक्षांकडून साक्षीला बोलावलं.

शेअरचा भाव डॉलरच्या खाली गेला. नॅसडॅकवर नांदायचं तर भाव किमान एक डॉलर हवा. २०२४ च्या फेब्रुवारीत कंपनीने २३ शेअरचा एक शेअर केला. आमच्याकडे तेवीस पोळ्या लाटायला घेतल्या आणि कणीक विटली तर तिची एक मोठी भाकरी थापत नाहीत, गायीला घालतात. पण बाजाराचा नियम जाडी मोजतो, चव नव्हे.

जून २०२४ मध्ये कॅलॅम्पने दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी कोर्टात अर्ज केला. डबे त्या काळातही चालूच होते, ट्रेलर कुठे आहे ते सांगत होते. दोनेक महिन्यांत कंपनी कर्ज झटकून बाहेर आली, ती खाजगी होऊन. मालकी धनकोकडे गेली आणि शेअर बाजाराशी संबंध सुटला. तिमाही पत्रक नाही, फोनवरचं स्तोत्र नाही, वारा नाही, ॲडजस्ट करायला बाक नाही. आता कंपनी कुठे आहे ते बाहेरच्या कुणाला सांगायचं बंधनच नाही.

मामाला हे सगळं समजावून सांगितलं. दिवाळखोरी, रोखे, खाजगी मालकी, सगळं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, सुपारी कातरली आणि विचारलं, "म्हणजे लाल वायर काढली म्हणायची?"