आडवे नवरदेव

लालबागात राहणाऱ्या माणसाला संगणक येतो, एवढं गावात कळलं की दोन कामं त्याला चुकत नाहीत. पहिलं तत्काळ तिकिटाचं. बऱ्हाणपूरचं रेल्वे स्टेशन लालबागातच असल्यामुळे स्टेशनाजवळच्या माणसाला तिकिटं जरा लवकर मिळतात, असा सगळ्या शहराचा समज आहे. दुसरं काम समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याचं. मी यंत्रमागवाल्यांचे हिशेब संगणकावर ठेवतो. सूत किती आलं, ताके किती गेले, मजुरी किती झाली, जीएसटी किती बुडाला नाही. एवढ्या भांडवलावर मेळाव्याच्या समितीने मला ‘सॉफ्टवेअरवाले भाऊ’ ही पदवी दिली आणि मी ती परत केली नाही.

समितीचे अध्यक्ष म्हणजे नाना. त्यांचं म्हणणं साधं होतं. “भाऊ, रावेर, फैजपूर, भुसावळ, खंडवा, नेपानगर, लोकांनी घरबसल्या माहिती भरायची, फोटो टाकायचा, की इकडे आपली पुस्तिका तयार. पुण्याचा एक जण पन्नास हजार मागतोय.”

“पन्नास हजार? चार खोकी आणि एका बटणाचे?” असं म्हणून मी हसलो. ते हसणं समितीतले लोक अजून हुबेहूब करून दाखवतात.

पीएचपीत फॉर्म लिहिला. नाव, जन्मवेळ, उंची, शिक्षण, मामकुळ, अपेक्षा आणि सगळ्यात खाली ‘फाइल निवडा’. अर्ज भराभर आले. नानांना शेजारी बसवून मी रुबाबात यादी उघडली. फोटोच्या रकान्यात फोटोचं नाव होतं, फोटो नव्हता. एकाचाही नव्हता. “फोटो मागून येतायत,” मी म्हणालो. नानांना ते लगेच पटलं. आयुष्य स्टेशनाजवळ गेलेल्या माणसाला मागून येणाऱ्या गोष्टींची सवय असते.

खरी गोष्ट अशी, की वेबवरचा फॉर्म मुळात अक्षरं पाठवण्यासाठी बनला. त्यातून फाइलही पाठवता यावी ही योजना झेरॉक्स कंपनीतल्या नेबेल आणि मॅसिंटर या दोघांनी नोव्हेंबर १९९५ मध्ये आरएफसी १८६७ या दस्तऐवजात मांडली. त्यासाठी फॉर्मचा प्रकार ‘मल्टिपार्ट फॉर्म-डेटा’ आहे असं लिहावं लागतं. मग ब्राउजर अर्जाचे वेगवेगळे भाग पाडतो, दोन भागांमध्ये खुणेची ओळ घालतो आणि फाइलचे बाइट जसेच्या तसे पाठवतो. तेवढं लिहिलं नाही तर तो फाइलचं नुसतं नाव पाठवून मोकळा होतो. माझा ब्राउजर मोकळा झाला होता आणि मी अडकलो होतो.

ती ओळ लिहिल्यावर फोटो यायला लागले, पण फक्त जुन्या फोनवरचे. मुलाचा पगार जितका मोठा तितका फोन भारी, आणि फोन जितका भारी तितका फोटो जड. त्यामुळे आमच्या साइटवर डॉक्टर-इंजिनियर टिकेनात. सर्व्हरच्या तोंडाशी बसलेल्या एनजिनएक्सला काही सांगितलं नसेल, तर १ एमबीपेक्षा मोठा अर्ज ते ‘४१३’ असा आकडा दाखवून परत पाठवतं. ते वाढवलं तर आत पीएचपीची मर्यादा प्रत्येक फाइलला २ एमबी. त्याहून मोठी फाइल आली की पीएचपी ‘चूक क्रमांक १’ एवढं नोंदवून ठेवतं. आपण विचारलं तर सांगतं. मी विचारत नव्हतो. आणि अख्खा अर्जच ८ एमबीच्या वर गेला, तर फोटोबरोबर नाव, गाव, उंची, मामकुळ, सगळंच कोरं हाती येतं. सायबर कॅफेतला पोरगा फोन करून सांगायचा, “अंकल, फॉर्म खाली जा रहा है।” मी त्याला म्हणायचो, “तू नीट भर.” पोरगा बिचारा पुन्हा भरायचा आणि फॉर्म पुन्हा खाली जायचा.

शेवटी चिडून सगळ्या मर्यादा इतक्या वाढवल्या की त्या असून नसल्यासारख्या झाल्या. लगेच एका काकांनी धाकट्याच्या फोटोऐवजी थोरल्याच्या लग्नाचा अख्खा व्हिडिओ चढवला. विचारलं तर म्हणाले, “घराणं दिसायला नको का?” घराणं भरपूर दिसलं आणि डिस्क भरली. यंत्रमागवाल्यांचे हिशेब त्याच डिस्कवर होते. त्या दुपारी एका मालकाचं बिल निघेना, तेव्हा त्यांना मी ‘एका लग्नात अडकलोय’ असं कळवलं. ते शब्दशः खरं होतं.

तरी इथवर नुसती अडचण होती, अब्रू शाबूत होती. ती फाइलींच्या नावांनी घालवली. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सअॅपने आलेल्या फोटोला नाव मिळतं ते असं: आयएमजी, मग तारीख, मग डब्ल्यूए आणि चार आकडे. ०००१, ०००२, असे ते त्या दिवसापुरते चढत जातात. नानांनी रविवारी सकाळी सगळ्या गटांवर निरोप टाकला. त्याच दिवशी घरोघरी मामा-मावश्यांनी फोटो पाठवले, आणि गावोगावच्या उपवर मुलामुलींची नावं एकच झाली. मी फाइल ज्या नावाने यायची त्याच नावाने ठेवत होतो. त्याच नावाची दुसरी आली की पहिली हूं की चूं न करता पुसली जायची.

फैजपूरच्या एका मुलीच्या वडिलांचा फोन आला. “भाऊ, शिक्षण बरोबर, उंची बरोबर. पण आमच्या पोरीला मिशी नाही.” बघतो तर तिच्या माहितीशेजारी खंडव्याचा एक केळीचा व्यापारी हसत होता. तो तसा इतर पुष्कळ ठिकाणीही हसत होता. भुसावळच्या शिक्षिकेच्या जागी तो, रावेरच्या नर्सच्या जागी तो. समितीतल्या काकूंनी यादी वरपासून खालपर्यंत बघितली आणि म्हणाल्या, “हा मुलगा फारच घाईत दिसतोय.”

अशात माझा भाचा जळगावहून सुट्टीला आला. इंजिनियरिंगला आहे. त्याने माझा कोड वाचताना जो चेहरा केला, तसा चेहरा मी दुसऱ्याची जन्मपत्रिका वाचणाऱ्या गुरुजींचाच पाहिलाय.

“मामा, आलेली फाइल फोटोच आहे हे कशावरून?”

“नावाच्या शेवटी जेपीजी असतं की.”

“ते पाठवणारा लिहितो.”

“ब्राउजरही प्रकार कळवतो.”

“ब्राउजर कुणाचा? पाठवणाऱ्याचाच ना?”

असं म्हणून त्याने एक चिमुकली पीएचपी फाइल माझ्याच फॉर्ममधून नवऱ्या मुलाचा फोटो म्हणून चढवली. माझं फोटोंचं फोल्डर वेबवर उघडंच होतं. त्याने पत्ता टाकला. सर्व्हरने ती फाइल दाखवली नाही, चालवली. पांढऱ्याशुभ्र पानावर एकच शब्द उमटला: ‘मामा’.

“अरे वा, माझं नाव लिहिलंस,” मी म्हणालो.

“नाव नाही मामा, निकाल आहे,” तो म्हणाला. “इथे मला पासवर्डसुद्धा छापता आले असते.”

त्याला मावा जिलबी खाऊ घालून गप्प केलं. खाता खाता त्याने शिकवलं, की फाइलची ओळख नावात नसते, पोटात असते. जेपीजीचे पहिले तीन बाइट एफएफ, डी८, एफएफ असतात आणि पीडीएफची सुरुवात टक्क्याच्या चिन्हापासून होते. तेही सोंग आणता येतं. म्हणून सर्व्हरने फोटो उघडून आपल्या हाताने नव्याने जतन करावा.

मी तत्परतेने सगळे फोटो नव्याने जतन केले. पुस्तिकेची प्रूफं आली तेव्हा निम्मे नवरदेव आडवे पडले होते. फोन उभा धरला तरी पुष्कळदा चित्र आडवंच साठवलं जातं, आणि ‘दाखवताना फिरवा’ अशी चिठ्ठी एक्झिफ नावाच्या माहितीत ठेवली जाते. मी आकार लहान करताना चित्र ठेवलं होतं आणि चिठ्ठी फेकली होती. त्याच माहितीत फोटो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांशही असू शकतात, तेव्हा ती फेकणं योग्यच, फक्त आधी वाचायची असते. नाना एकेक पान फिरवून बघत म्हणाले, “भाऊ, आपण उभे फोटो मागवले होते, झोपलेले नाही.” काकू म्हणाल्या, “पत्रिका जुळली तरी यांच्या माना जुळायच्या नाहीत.”

या सगळ्यात लाज अशी, की बाहेरून आलेलं आधी थांबवून मग पुढे सोडायची ही विद्या आमच्या लालबागात चारशे वर्षं मुरलेली आहे. घरापासून जवळच कुंडी भंडारा आहे. जहांगीराच्या काळात, १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानांच्या सुभेदारीत तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने तो बांधला. सातपुड्याच्या उतारावरून झिरपलेलं पाणी त्याने सरळ शहरात सोडलं नाही. आधी भुयारात घेतलं, बेताच्या उताराने चालवलं, वर ओळीने कुंड्या ठेवल्या म्हणजे हवा खेळावी आणि आत उतरून बघता यावं. मग ते जाली करंज या साठ्याच्या जागी गोळा केलं आणि तिथून गावाला वाटलं. पंप नाही, वीज नाही. आणि मी, पंप आणि वीज दोन्ही असताना, डोंगरावरचं पाणी थेट लोकांच्या ताटात सोडत होतो.

भाच्याने सगळं नव्याने बसवलं. आता आलेली फाइल आधी तात्पुरत्या जागेत थांबते. तिला पुढे हलवलं नाही, तर ती विनंती संपताच पीएचपी तिला पुसून टाकतं, हे मला तोवर ठाऊकही नव्हतं. तिथेच वजन बघायचं, पोट तपासायचं, चिठ्ठी वाचून चित्र सरळ करायचं, नव्याने जतन करायचं. नाव पाठवणाऱ्याचं नाही, आपण दिलेलं, कधीच जुळणार नाही असं लांबलचक. ठेवायचं वेबला न दिसणाऱ्या फोल्डरात. आणि काही नाकारलं तर का नाकारलं ते अर्जदाराला चांगल्या मराठीत सांगायचं. ही शेवटची ओळ मीच लिहिली, म्हणून साइट मी बनवली असं मी सांगतो.

व्यवस्था इतकी चोख झाली की नानांनी समितीसमोर प्रात्यक्षिक ठेवलं. पहिला अर्ज सॉफ्टवेअरवाल्या भाऊंच्याच मुलाचा, असं ठरलं. मुलगा पुण्यात असतो, आयफोन वापरतो. त्याने फोटो मूळ रूपात ड्राइव्हवर ठेवला होता. आयफोन २०१७ पासून फोटो हेइक नावाच्या प्रकारात साठवतो. माझ्या फॉर्मला जेपीजी हवा होता. मी म्हटलं, त्यात काय, आणि नावाच्या शेवटी जेपीजी लिहून दिलं. बटण दाबलं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर माझीच चांगल्या मराठीतली ओळ आली: ‘आपण पाठवलेली फाइल आपण सांगता ती नाही. कृपया खरी माहिती द्यावी.’

कार्यालयात क्षणभर कुणी बोलेना. मग मागच्या रांगेतले एक वधूपिता उठले आणि नानांना म्हणाले, “नाना, साइट चांगली आहे. पण या मुलाची जरा जास्त चौकशी करावी लागेल.”