गोंगाटाचे अभ्यासक

गणपतीत ढोलपथक दारावरून जायला लागलं की माणसं खिडक्या लावून घेतात. सर उघडतात. "आधी कुठून येतोय ते कळू दे, मग घालवू," म्हणतात.

जीपीएसचा संकेत गोंगाटात नेमका कुठल्या दिशेने येतोय ते शोधणं, हा सरांचा धंदा. वीसेक हजार किलोमीटरवरून येणारा हा संकेत खाली पोचेपर्यंत इतका अर्धमेला होतो, की रिसीव्हरच्या स्वतःच्या खरखरीतही बुडतो. वर कुणी जॅमर लावला की सर खुलतात. अमेरिकेतल्या न्यूआर्क विमानतळाची गोष्ट नव्या विद्यार्थ्याला पहिल्या चहालाच ऐकावी लागते. आपला ट्रक कुठे फिरतोय ते मालकाला कळू नये म्हणून एका ड्रायव्हरने जॅमर बसवला आणि विमानं उतरवायला मदत करणाऱ्या नव्या यंत्रणेची तिथली चाचणीच बिघडवली. २०१३ मध्ये त्याला सुमारे ३२ हजार डॉलर दंडाची नोटीस निघाली. "एवढंसं यंत्र हो!" सर भाच्याचा पराक्रम सांगावा तसं सांगतात.

त्यांच्या मते आरडाओरडा करणारा सापडायला सगळ्यात सोपा. सात अँटेना मांडायच्या, जॅमरची दिशा काढायची आणि तेवढ्या दिशेला बहिरं व्हायचं. मग उरलेल्या खरखरीशी उपग्रहाचा १०२३ तुकड्यांचा ठरलेला कोड जुळवत बसायचं. जुळला की संकेत डोकं वर काढतो. दिशा तेव्हा मोजायची. सात अँटेनांत सहा जॅमर गप्प होतात. सातवा आला की खेळ खलास.

सोसायटीच्या सभेत पंचाईत ही, की सरांना कान दोनच. हिशेबाने एकालाच गप्प करता येतं. तो मान सेक्रेटरींचा. पण पुटपुटणारे खजिनदार नेमके सेक्रेटरींच्या मागे बसतात, आणि जॅमरच्या दिशेचा उपग्रह जॅमरबरोबरच जातो. मेंटेनन्स वाढल्याचं सरांना बिल आल्यावर कळलं.

परवा पार्किंगवरून चौघे एकामागून एक उठले आणि तेच ते बोलले. सर उभे राहिले. "खरे उपग्रह आकाशभर विखुरलेले असतात. चारही संकेत एकाच कोपऱ्यातून आले तर ते नकली, पाठवणारा एकच."

सेक्रेटरी लालबुंद होऊन बराच वेळ बोलत होते. सरांनी वहीत कोन लिहून घेतला.