पोटभाडेकरू

मोबाइल कंपनीच्या लेखी आमच्या घराचा कर्ता मी. बिल माझ्या नावावर, म्हणून मी ‘मुख्य क्रमांक’. बायको, मुलगा आणि आई ही माझी उपखाती. चौघांत मिळून महिन्याला 75 जीबी. हे पद मिळाल्यावर दोन दिवस मी तळेगाव स्टेशनच्या भाजीबाजारात सरसेनापती दाभाड्यांच्या थाटात फिरलो.

विसाव्या तारखेला डेटा संपला. संशय अर्थात मुलावर. लोकलमध्ये बसला की थेट शिवाजीनगरपर्यंत क्रिकेट बघतो. बायको पाककृती बघते. (बघतेच. मुख्य क्रमांक असलो तरी याहून जास्त बोलण्याचा अधिकार मला नाही.) अ‍ॅप उघडलं, तर निम्म्याहून जास्त डेटा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईच्या नावावर!

पुढच्या महिन्यापासून मी प्रत्येकाला मर्यादा घातली. आईला वीस जीबी.

“एका जीबीत किती एमबी रे?”

“1024.”

“सोळा रुपयांचे पैसे,” ती लगेच म्हणाली. रुपयाचे चौसष्ट पैसे, सोळा चोक चौसष्टच्या पुढची कोष्टकं तिला अजून पाठ. “1957 साली नवे पैसे आले. तुमच्या कंपनीला कुणी सांगितलं नाही वाटतं.”

मंगळवारी तिला आणायला डोळसनाथाच्या देवळात गेलो आणि उलगडा झाला. भजनी मंडळाच्या सात जणी भिंतीला टेकून सात मोबाइलवर सात कीर्तनं ऐकत होत्या. मध्यभागी आईचा हॉटस्पॉट. मुलगा म्हणाला, “बाबा, हे प्रॉक्सीसारखंच झालं. कंपनीला एकटी आजी दिसते, मागे सगळं मंडळ.” आमच्या कॉलेजात प्रॉक्सी म्हणजे एकानं पाच जणांची हजेरी लावणं. तेही पकडलं जायचं. इथे माझ्या उपखात्यात सात पोटभाडेकरू, आणि भाडं म्हणून कुणाची आळूची पानं, कुणाचं मेतकूट. गेले दोन महिने आमच्याकडे आळूवड्या एवढ्या का होतात, हेही त्याच दिवशी कळलं.

मी जरा आवाज चढवला. आई शांत. “अंताजीपंत काळ्यांनी माणशी एकेक पैसा मागत पैसा फंड उभारला. टिळकांनी पाठ थोपटली, आणि 1908 साली त्यातून इथे तळेगावात काचेचा कारखाना निघाला. तू वीस जीबीचा हिशेब मागतोस?”

अठ्ठावीस तारखेला माझीच मर्यादा संपली. शाळूसोबत्यांच्या ग्रुपवरचे सुप्रभाताचे व्हिडिओ आपोआप उतरत होते म्हणे. त्यात विजेच्या बिलाची शेवटची तारीख. आईकडे गेलो. ओसरीवर मंडळ बसलेलं.

“सध्या जागा नाही,” ती पडद्याकडे बघत म्हणाली. “कीर्तन संपलं की एखादी उठेल. तोवर गिरणीतून दळण घेऊन ये.”

मी डबा उचलला.