म्हातारी ओमनी सांभाळावी कशी

दारात पंचवीस वर्षांची ओमनी आणि खिशात साडेसातशे रुपये, अशा वाहनमालकांसाठी हे मार्गदर्शन आहे. ज्यांच्याकडे जास्त असतील त्यांनी थेट शहरातल्या गॅरेजात जावं; तिथे ते कमी करून मिळतात.

पत्ता आधीच स्पष्ट केलेला बरा. आपलं गाव वांगणी, पण ही वांगणी जव्हार-मोखाड्याकडची. कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात फोन लावून नुसतं ‘वांगणीला कार्बोरेटर पाठवा’ म्हणालात, तर पार्सल बदलापूरच्या पुढे वांगणी स्टेशनवर उतरतं आणि तुमची गाडी आंब्याखालीच राहते. ‘जव्हारमार्गे, जिल्हा पालघर’ असं दोनदा बजावून सांगा. पलीकडून ‘मग स्लो लोकल पकडून या ना शेठ’ असं उत्तर आलं, तर दुसरं दुकान बघा.

आता निदान. गाडी बंद पडली की पाच मिनिटांत तज्ज्ञांचं मंडळ आपोआप जमतं. त्याला बोलावणं लागत नाही, चहा मात्र लागतो. ट्रॅक्टरवाला सांगतो पंप गेला, मोटरसायकलवाला सांगतो प्लग गेला, आणि ज्याने आयुष्यात फक्त एसटीने प्रवास केलाय तो छातीठोकपणे सांगतो, ‘इंजिन काढायला लागेल.’ सगळ्यांचं ऐकून घ्यावं. मंडळातले निम्मे सदस्य पुढे गाडी ढकलायला लागणार आहेत, त्यांना दुखवून चालत नाही.

मंडळ पांगलं की खरं काम सुरू करायचं, आणि त्याचा नियम एकच: फुकटातल्या कारणापासून महागड्या कारणाकडे जायचं. लोक नेमकं उलटं करतात. आधी नवी बॅटरी आणतात, मग कळतं की टाकीत पेट्रोल नव्हतं. काटा अर्ध्यावर आहे हा पुरावा धरू नये. जुन्या ओमनीचा काटा एकदा जिथे बसला तिथे कायमचा मुक्काम ठोकतो. एकाने गाडी मागून हलवावी, दुसऱ्याने टाकीशी कान लावावा. डुचमळल्याचा आवाज आला तर पेट्रोल आहे.

मग हॉर्न वाजवा. हॉर्न दणदणीत आणि सेल्फ मात्र नुसता ‘टक’ म्हणतोय, तर बॅटरीवर राग काढण्याआधी तिचे टर्मिनल बघा. त्यांवर पांढरट-हिरवट बुरशीसारखी पूड साचलेली असते. गरम पाण्यात खायचा सोडा घालून ओता, ती फसफसून निघून जाते. नंतर दहाच्या पान्याने टर्मिनल आवळा आणि वर थोडं व्हॅसलीन फासा. अनेक ‘मेलेल्या’ बॅटऱ्या एवढ्यावर उठून बसतात. मात्र हे काम घरच्यांसमोर करू नये; सोडा आणि व्हॅसलीन दोन्ही कुठून आलं याचा जाब द्यावा लागतो.

पावसाळ्यात निदान त्याहून सोपं. आपल्याकडे जूनमध्ये लागलेला पाऊस गणपतीपर्यंत हलत नाही, आणि तो आधी शिरतो डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत. आत ओल धरली की ठिणगी प्लगपर्यंत पोचायच्या आधीच वाट सोडते. टोपी काढून कोरड्या सुती फडक्याने आतून पुसा, जमलं तर चुलीच्या उबेला धरा. तरीही चालू होईना, तर एक प्लग काढून वायरीला जोडा, त्याचा धातू इंजिनाला टेकवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळी ठिणगी उडाली तर वीज ठीक आहे, दोष पेट्रोलच्या वाटेत. हे करताना पेट्रोल सांडलेलं नसावं आणि वायर रबराशिवाय धरू नये. नाहीतर ठिणगी तपासायला प्लगाची गरज उरत नाही.

पेट्रोलच्या वाटेबद्दल एक नवी गोष्ट. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. आपल्या ओमनीच्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरची पडदी जन्माला आल्या तेव्हा त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. नळ्या फुगतात, मऊ पडतात, चिरतात. पेट्रोलचा वास येऊ लागला की नळी बोटांत दाबून बघा. शे-दीडशेची नळी आणि दोन क्लिपा हा या संपूर्ण मार्गदर्शनातला सर्वांत शहाणा खर्च आहे. टाकीलाच बारीक भोक पडलं असेल तर कपड्याचा साबण मळून त्यावर दाबतात. साबण पेट्रोलात विरघळत नाही, म्हणून ही युक्ती टिकते. मात्र जव्हारपर्यंतच टिकवायची, दिवाळीपर्यंत नव्हे.

आता मुख्य प्रकरण, म्हणजे उष्णता. ओमनीचं इंजिन पुढच्या सीटांखाली असतं. तिच्या निर्मात्यांनी तापमान दाखवायला काटाही दिला आहे, पण तो वर सांगितलेल्या काट्याचाच भाऊ. खरं मापक म्हणजे चालकाची बैठक. सपाटीवर ऊब जाणवते, ती चालायची. तोरंगण घाटात अर्ध्यावर चालक एका कुशीवर बसू लागला, तर गाडी तापते आहे. दोन्ही कुशी बदलून झाल्या, तर थांबा. तो उभ्याने गाडी चालवू लागण्याची वाट बघू नये.

थांबल्यावर रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, ते थेट तोंडावर येतं. आणि उकळत्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जातो. मग साडेसातशेला मागे दोन शून्यं लागतात. किती वेळ थांबायचं? जव्हार आगाराची मागून येणारी एसटी येऊन, तिच्या कंडक्टरने ‘काय झालं?’ विचारून, ती पुढे निघून जाईपर्यंत. नंतर जाड फडकं धरून झाकण हळूच सोडा आणि इंजिन चालू ठेवून पाणी थोडं थोडं घाला.

रेडिएटर गळत असेल तर मंडळातला कुणीतरी हळद टाकायला सांगेल. हळद टाकली की गळती खरंच थांबते, कारण ती बारीक छिद्रांत जाऊन बसते. अडचण अशी की आपल्याला हवी असलेली बारीक छिद्रंही तिला सारखीच प्रिय असतात. महिन्याभराने पाणी फिरणंच बंद होतं. घर गाठण्यापुरती टाका, आणि पोचलात की धुऊन काढा. थर्मोस्टॅटचीही हीच कथा. ‘शेठ, काढून टाकला, आता गाडी तापणारच नाही,’ असं मिस्त्री अभिमानाने सांगतो. थंडीच्या दिवसांत मग ती धड गरमच होत नाही आणि पेट्रोल पिते. सकाळी ऑइलची पट्टी ओढून बघावी; ऑइल दुधाळ दिसलं तर हेड गॅस्केट गेलं. तेव्हा हळद, लिंबू, मिरची काहीच उपयोगाचं नाही.

धुराचं थोडक्यात: काळा निघाला तर पेट्रोल जास्त जातंय, निळा निघाला तर ऑइल जळतंय, पांढरा निघत राहिला तर पाणी. वायपर बंद पडला तर काचेवर तंबाखूची पुडी चोळतात, पाणी ओघळून जातं. गाडी नेहमी उताराकडे तोंड करून लावावी. सपाट मुलखातल्या लोकांना सेल्फवर खर्च करावा लागतो. आपल्याला निसर्गाने तो फुकट दिला आहे.

इथवर काटकसर. ब्रेकच्या बाबतीत मात्र हे मार्गदर्शन आपला सूर बदलतं. ही गाडी नावापुरती तुमची. ती मोगऱ्याच्या पिशव्या नेते, भाताची पोती नेते, बोहाड्याच्या उत्सवातली सोंगं नेते, आणि रात्री दोनला कुणी दार वाजवलं तर अडलेल्या बाईला घेऊन जव्हारच्या पतंगशाह रुग्णालयात जाते. तेव्हा टेप बसवायचा, सीटकव्हर शिवायचं की ब्रेक करायचे, हा प्रश्न विचारायचाच नाही. चाकांची आतली बाजू ओली दिसते का बघा. दिसली तर ब्रेक ऑइल गळतंय. ते गळत नसलं तरी दोन वर्षांत बदला, कारण ते हवेतली ओल पितं, लांब उतारावर उकळतं आणि पायाखालचं पेडल रिकामं जातं. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल मारून उतरणाऱ्याचं वाचलेलं पेट्रोल त्याच्या तेराव्याला उपयोगी पडतं.

सुट्या भागांची काळजी नको. ही गाडी १९८४ साली मारुती व्हॅन म्हणून आली, कारखान्याने २०१९ साली बंद केली, आणि पोटात तिच्या मारुती ८०० चंच ७९६ सीसीचं तीन सिलिंडरवालं इंजिन. भंगारात ८०० दिसली की आपलाच नातलग मेला असं समजून जरूर भेटीला जावं आणि येताना काहीतरी घेऊन यावं.

सर्वांत महागडा भाग निघतो तो कागद. पंधरा वर्षं झाली की नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. त्याची फी सहाशे रुपये होती, १ एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाली, आणि वीस वर्षांवरच्या गाडीला २०२५ मध्ये दहा हजार. शिवाय पर्यावरण कर वेगळा. एमएच-०४ ची पाटी लावून ठाणे जिल्ह्यात जन्मलेली गाडी २०१४ मध्ये जागची न हलता पालघर जिल्ह्यात आली, तरी तपासणीला तिला स्वतःच्या चाकांवरच जावं लागतं. त्या दिवशी हॉर्न, दिवे आणि हँडब्रेक चालले पाहिजेत. शेजाऱ्याचे दिवे मागून आणले असतील, तर परतताना अंधार पडायच्या आत घरी पोचा.

यातूनही कंटाळा आलाच, तर विकायला काढा. गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी अर्धा तास चालवून गरम करून ठेवायची, म्हणजे पहिल्या सेल्फला चालू होते. मात्र गिऱ्हाईक मोखाड्याचं असेल तर सावध राहा. ते रामराम करून गाडीभोवती फेरी मारत नाही, टायरला लाथ मारत नाही. दार उघडतं आणि आधी ड्रायव्हरच्या सीटवर हात ठेवून बघतं.