चुना हाय काय, सर?

निपाणीत आपण कुठल्या राज्यात उभे आहोत, हे पायाखालच्या जमिनीवरून कळत नाही. बसस्टँड कर्नाटकात आणि गावाला लागून असलेलं देवचंद कॉलेज महाराष्ट्रात, अर्जुननगरला. म्हणजे हजेरी एका राज्यात, मिसळ दुसऱ्या राज्यात. मॉस ओळखायचं प्रशिक्षण अशाच गावातून सुरू करायचं, हा आमच्या सरांचा हट्ट. ‘‘या वनस्पतीला मुळंच नसतात,’’ त्यांनी पहिल्याच चहाला बजावलं, ‘‘तेव्हा मूळचे कुठले, हा प्रश्न इथून पुढं बंद.’’

मुळांच्या जागी केसाएवढे तंतू असतात. ते फक्त धरून ठेवतात. पाणी पितं ते मॉसचं अख्खं अंग. त्याला बघायला लागतं दहापट भिंग, पाण्याचा फवारा, वर्तमानपत्राची पाकिटं आणि गुडघे. यातले गुडघे ज्याचे त्याने आणायचे होते.

तवंदी घाटात सरांनी खडकावरचा तपकिरी, वाळका झुपका चिमटीत घेतला, डाव्या तळव्यावर ठेवला आणि उजव्या अंगठ्याने माती झटकू लागले. तंबाखूच्या मुलुखात या हालचालीचा अर्थ एकच. समोर उभ्या ट्रकचा ड्रायव्हर लगबगीने आला आणि तळहात पुढे करून म्हणाला, ‘‘चुना हाय काय, सर?’’

‘‘चुन्यावरची जात वेगळी,’’ सर मान वर न करता म्हणाले. ‘‘ती बेळगावात बघू.’’

ड्रायव्हर गोंधळला, पण हलला नाही. सरांनी फवारा मारला. बघता बघता मेल्यासारखी पानं उलगडून हिरवीगार झाली. ‘‘आमची पुडी भिजली की संपली,’’ तो हळहळला, ‘‘आन् तुमची जित्ती हुती!’’ वाळून गप्प पडायचं आणि पाणी मिळताच पुन्हा कामाला लागायचं, हे मॉसचं सगळं शरीरशास्त्र त्याला एका फवाऱ्यात समजलं. आम्हाला वहीची तीन पानं लागली.

बेळगावच्या किल्ल्यात कमलबस्ती आहे, तेराव्या शतकाच्या सुरुवातीची. छतातलं दगडी कमळ बघायला आलेले पर्यटक माना वर करून होते. आम्ही जवळच्या जुन्या भिंतीच्या पायथ्याशी माना खाली घालून. थोड्या वेळाने त्यांनी कमळाचे फोटो सोडून आमचे काढायला सुरुवात केली. भिंतीवर हायोफिला होता, चुन्याच्या दरजांमध्ये हमखास भेटणारा. वाळला की पानांच्या कडा आत वळतात, एवढी खूण पुरते. शेजारी फिसिडेन्स; त्याची पानं समोरासमोरच्या दोनच ओळींत. मॉसच्या नर पेशीला दोन शेपट्या असतात आणि मादीपर्यंत तिला पाण्याच्या पापुद्र्यातून पोहतच जावं लागतं. ‘‘म्हणजे पाऊस नाही तर लग्न नाही,’’ एका विद्यार्थिनीने टिपून घेतलं. ‘‘आमच्याकडे पावसात मुहूर्त मिळत नाही,’’ दुसरीने शेरा मारला.

पुढे जांबोटीचा रस्ता. पुढच्या अभयारण्यात परवानगीशिवाय काही उचलायचं नसतं, म्हणून आम्ही अलीकडेच शेताच्या बांधावर थांबलो. कचरा जाळलेल्या जागी फ्युनारिया फुटला होता. जळकी माती त्याला मानवते. आम्ही ओळीने ओणवे झालो आणि गावभर बातमी गेली की मोजणी आली.

एक आजोबा काठी टेकत आले. ‘‘कुठली हद्द बघालायसा?’’

‘‘हद्द नाही आजोबा, मॉस.’’

‘‘दोन राज्यांच्या हद्दीवर महाजन आयोगाचा अहवाल १९६७ ला आला. तवापासनं कोर्टकचेऱ्या झाल्या, पर यवडं वाकून आमची माती कुणी बघितली न्हाई.’’ आणि धोतर वर खोचून तेही ओणवे झाले. सरांनी भिंग दिलं. देठाच्या टोकाला बोंडासारखी बीजुककुपी, टोपण गळालेलं, आणि तोंडाशी बाहेर सोळा दात, आत सोळा दात. हवा दमट असली की दात मिटलेले. कोरडी झाली की फटी पडतात आणि बीजुकं थोडी थोडी बाहेर पडतात, म्हणजे वारा ती लांब नेतो.

आजोबांनी बराच वेळ बघितलं. मग भिंग परत देत म्हणाले, ‘‘शाणं हाय. आमचं पुढारी निवडणुकीला तोंड उघडत्यात ते एकदमच सगळं सोडत्यात. म्हणून काय उगवत न्हाई.’’