पणजोबांचे अण्णा

साखर पेठेतल्या अण्णांना ‘काय ओ, बरंय का?’ असं विचारू नये. उत्तर प्लेगाच्या सालापासून सुरू होतं. रिटायर झाल्यावर माणसं काशी-रामेश्वर करतात. अण्णांनी पणजोबा धरले. पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला गेले होते, एवढ्यावर घरातले सगळे खूश होते. अण्णांना कागद पाहिजे होता.

कागद मिळाले, तिथंच घोटाळा झाला. मोहोळ तालुक्यातल्या मूळ गावच्या कोतवाल बुकात 1899 साली नुसता ‘मुलगा’. बापाचं नाव आहे, मुलाचं नाही. बारशापर्यंत थांबायला कोतवालाला वेळ कुठला? सोलापूरच्या शाळेत जन्म 1901. आणि पलटणीच्या शीट रोलवर, म्हणजे शिपायाच्या नोंदपत्रावर, ऑगस्ट 1916 मध्ये ‘वय 20’. म्हणजे भरती होताना पणजोबा एकाच वेळी पंधरा, सतरा आणि वीस वर्षांचे होते. ‘पगार पायजे होता, वाढवलं वय. त्यात काय शोधायचंय?’ असं म्हणून काकूंनी प्रश्न कधीच निकालात काढलाय.

शीट रोलवर ओळखीची खूण लिहिलीय: डाव्या गालावर देवीचे वण. तेव्हापासून अण्णा पुतण्यांचे गाल उजेडात धरून बघतात. देवीचे वण वारशानं येत नसतात, हे त्यांना सांगायची कुणाची छाती नाही.

पणजोबांना मेसोपोटेमियातल्या कुतच्या वेढ्यात बसवायची त्यांची फार इच्छा. 110 वी मराठा पलटण तिथं अडकली होती, हे खरं. पण कुत पडलं 29 एप्रिल 1916 ला, आणि पणजोबा भरती झाले त्यानंतर चार महिन्यांनी. ‘मग वेढ्यात थोरला भाऊ असंल,’ अण्णा म्हणाले. घराण्यात एक माणूस वाढला.

जनगणनेनं तर त्यांना रडवलं. त्या काळच्या माणशी नोंदी कुणी जपल्याच नाहीत. उरले ते आकडे. अण्णांनी 1901 ची सोलापूर शहराची लोकसंख्या, 75,288, लाल पेनानं गोल करून बाजूला लिहिलं, ‘यात पणजोबा आहेत.’ पुढं ध्यानात आलं, शाळेतली जन्मतारीख गुरुजींची लाडकी 1 जून, आणि शिरगणती झाली 1 मार्चला. त्या रात्री अण्णा जेवले नाहीत.

शेवटी सुगीनंतर वंशावळी सांगणारा हेळवी आला. त्यानं पोथी सोडली, पिढ्या घडाघडा म्हटल्या, धान्य घेतलं आणि आणखी दोन भाऊ देऊन गेला. आता फाइली चार झाल्यात.

तर वाचकहो, तुमच्या माळ्यावर पहिल्या महायुद्धाचं एखादं पदक असेल तर चिंच लावून घासू नका. त्याच्या कडेवर नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते, ती पुसट होते. नीट उतरवून ठेवा. फक्त अण्णांना कळवू नका, असं काकूंनी हात जोडून सांगितलंय.