पेनीतून लखपती: नवशिक्यांसाठी खात्रीशीर मार्गदर्शन

मुलाकडे न्यू जर्सीला आलात. नातू डे-केअरला, गाडी तुम्हाला चालवता येत नाही आणि बाहेर बर्फ. अशा वेळी नाणेशास्त्रासारखं दुसरं काही नाही. घरात पेनींची बरणी असतेच. तिच्यात ‘डबल्ड डाय’ शोधायचा. नसला तरी तो कसा सापडवायचा, ते शिकून घ्या.

1. आधी 1955 पाठ करा. त्या वर्षी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत एका डायवर, म्हणजे नाण्यावर ठसा उमटवणाऱ्या साच्यावर, साल आणि अक्षरं दुहेरी उमटली. डाय घडवताना उठावाचा ‘हब’ तिच्यावर एकाहून अधिक वेळा दाबत. मधल्या वेळात डाय किंचित फिरली, की चूक तिच्यातच कायमची बसते आणि तिच्याखालून निघणारं प्रत्येक नाणं दुहेरीच निघतं. अशी सुमारे 20 ते 24 हजार नाणी चांगल्या नाण्यांत मिसळून बाजारात गेली. आज एकेकाची किंमत हजार डॉलरच्या पुढे आहे. तुमच्या 1955च्या पेनीवर फक्त शेवटचा 5 दुहेरी दिसतोय? डाय झिजली की असं होतं. जाणकार याला ‘गरिबाचा डबल्ड डाय’ म्हणतात. तुम्ही सांगताना ‘गरिबाचा’ गाळा.

2. दहापट मोठं दाखवणारं भिंग या कामाला पुरतं. म्हणूनच ते घेऊ नका. मोबाइलला जोडायचा हजारपट मायक्रोस्कोप मागवा. त्यात साधा ओरखडाही लिंकनचं दुसरं नाक वाटू शकतो. दिवा तिरका धरा. अक्षराची सावली पडली, की तुमचं अर्धं काम झालं.

3. आता नाजूक भाग: मशीन डबलिंग. ऐकून वाईट वाटेल, पण बरणीतल्या दुहेरी पेनी बहुतेक याच जातीच्या. इथे डाय निर्दोष असते, फक्त सैल बसलेली. ठोका पडल्यावर ती जराशी सरकते आणि नुकतंच उठलेलं अक्षर कडेने चेपते. त्यामुळे अक्षराशेजारी सपाट, चकचकीत पायरी दिसते आणि अक्षर स्वतः बारीक होतं. खऱ्या डबल्ड डायमध्ये उलट: दोन्ही ठसे गोलसर आणि उठावदार, अक्षर जाडसर, त्याच्या टोकांशी खाच. समजलं? छान. आता विसरा. पायरीला ‘दुसरा ठसा’ म्हणायला सुरुवात करा. आठवड्याभरात स्वतःलाही पटतं.

4. सगळ्यात धोकादायक अक्षर म्हणजे ‘एस’, सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीची खूण. 1969च्या ‘एस’ पेनीचा डबल्ड डाय फार मोलाचा. इतका अस्सल, की सुरुवातीला सीक्रेट सर्व्हिसने काही नाणी बनावट समजून जप्त केली होती. पण त्यात साल दुहेरी, ‘लिबर्टी’ दुहेरी आणि ‘एस’ मात्र एकेरीच. कारण ही खूण तेव्हा प्रत्येक डायवर वेगळी, हाताने ठोकत. हबवर ती नसेच. सालासोबत ‘एस’ही त्याच दिशेला सरकलेला दिसला, की जाणकार पेनी बरणीत परत टाकतो. तुम्ही मुलाला हाक मारा. “अरे, माझ्यात तर एससुद्धा डबल आहे!”

5. पेनी ग्रेडिंगला, म्हणजे तज्ज्ञांकडून पारखून घ्यायला, पाठवू नका. फी आणि टपालखर्च देऊन ‘किंमत एक सेंट’ हे कळवून घेण्यात काय हशील? थेट ऑनलाइन विकायला काढा. फोटो धूसर, तीन उद्गारचिन्हं, ‘परत घेतलं जाणार नाही’.

6. बरणी संपली की मुलाला बँकेतून पेनींची पेटी आणायला लावा. 25 डॉलरला 2,500 नाणी. त्याच्या चेहऱ्याकडे बघू नका.

7. उरलेला खजिना भारतात नेताना नियम पाळा. 5 डॉलरहून जास्त दर्शनी किमतीची पेनी-निकेल (एक आणि पाच सेंटची नाणी) अमेरिकेबाहेर नेता येत नाहीत. मात्र निव्वळ छंदासाठी आहेत हे स्पष्ट असेल, तर 25 डॉलरपर्यंत सवलत आहे. म्हणजे नेमकी एक पेटी. अलीकडच्या पेनी असतील तर वजन सव्वासहा किलो, तेव्हा चॉकलेटं कमी घ्या. अधिकाऱ्याने विचारलंच, तर भिंग पुढे करा. लखपती होण्याचा विषय तिथे काढू नका.